गाळातले शंख-शिंपले उचलायच्या आधी एवढं बघा

उन्हाळ्यात आपल्याकडं पाझर तलावाचा गाळ काढायला जेसीबी लागला की खड्ड्याची उभी बाजू नीट बघा, काळ्या गाळात पांढरे ठिपके दिसतील, ते शंख-शिंपले. तिथं पूर्वी पाणी बारमाही होतं का, वाहतं होतं का साचलेलं, हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं. बरेच पाझर तलाव 1972 च्या दुष्काळात नाहीतर त्यानंतर झालेत, म्हणजे वरचा गाळ फार तर पन्नासेक वर्षांचा, पण त्याखाली जुन्या ओढ्याचा थर लागला तर ते लई मोलाचं आहे.

शिंपला थरातून उपटला की अर्धी माहिती गेलीच समजा. म्हणून आधी टेप धरून फोटो, वरून किती खोल, कोणता थर, मोबाईलवरचं लोकेशन, सगळं वहीत लिहा आणि मगच हात लावा. ओल्या दरडीखाली मात्र उभं राहू नका, कोसळते.

आता प्रत्येक थरातली घमेलंभर माती वेगळ्या पिशवीत घ्या, पाण्यात भिजवा, बारीक चाळणीवर हळू धुवा, सावलीत वाळवा आणि भिंगाखाली ओल्या ब्रशनं निवडा. व्हिनेगर, लिंबू काहीच वापरायचं नाही, कवच चुन्याचं असतं, विरघळतं.

निवडताना कोण आहे ते बघा. मोठा शिंपला, म्हणजे लॅमेलिडेन्स, कल्ल्यांनी श्वास घेतो, त्याला टिकणारं पाणी लागतं. चपट्या गुंडाळीचा इंडोप्लॅनॉर्बिस आणि पातळ कवचाचा लिम्निया हे दोन शंख हवेतून श्वास घेतात, त्यामुळं शेवाळ-पाणवनस्पतीच्या साचलेल्या डबक्यात सुद्धा तग धरतात. खालच्या थरात शिंपले भरपूर आणि वर नुसते हे दोघंच, तर पाणी आटत गेलं असं धरायला जागा आहे, पण एक-दोन नगांवर नाही, मोजून बघा. शिंपल्याचे दोन्ही भाग जोडलेले असतील तर बहुतेक तो तिथंच मेलाय, झिजलेला सुटा तुकडा असेल तर वाहून आलेला असू शकतो.

फसायच्या जागा पण आहेत. 2022 ला लातूर, बीड, धाराशिवला सोयाबीन फस्त केलेल्या गोगलगायी मातीत शिरून बसतात, त्यांचं कवच जुन्या थरात मिसळू शकतं, म्हणून रंग-चकाकी ताजी दिसली तर बाजूला ठेवा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जुन्या काळातल्या शंखाच्या बांगड्या मिळाल्यात, पण तो शंख समुद्राचा, व्यापारातून आलेला, त्याच्यावरून तिथल्या तेरणा नदीच्या पाण्याचा अंदाज बांधायचा नाही. आणि अशा जुन्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, आपण उकरायचं नसतं.

पुढचं काम लॅबचं. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन-16 आधी उडतो, जड ऑक्सिजन-18 मागं राहतो, आणि कवच त्याच पाण्यातून वाढतं. त्यामुळं कवचाच्या वाढीच्या रेषांवर ओळीनं बारीक भोकं पाडून भुकटीत या दोन ऑक्सिजनचं प्रमाण तपासलं की पावसाळा आणि कडक उन्हाळा वेगळा दिसू शकतो. तापमानाचाही परिणाम असतो, त्यामुळं एकच आकडा घेऊन दुष्काळ जाहीर करायचा नाही. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत असल्या जुन्या हवामानाचा अभ्यास चालतो.

वय काढताना कार्बन-14 नं शिंपला खरा आहे त्यापेक्षा जुना दिसू शकतो, कारण आपल्या कंकराच्या, म्हणजे चुनखडीच्या खड्यांच्या, पाण्यातला जुना कार्बन कवचात जातो. त्याच थरात कोळशाचा तुकडा दिसला तर बोटं न लावता चिमट्यानं उचलून फॉईलमधे ठेवा, तारीख त्यावरून काढलेली बरी.