ठरावामागचे कागद

मुंबईतल्या एका जुन्या धर्मादाय ट्रस्टमध्ये मी दप्तर लावायच्या कामाला लागले, तेव्हा मला जिन्याखालची एक खोली उघडून दिली. खिडकी नाही, तीन लोखंडी कपाटं आणि जमिनीवर रचलेली गाठोडी. "मिनिट बुकं कपाटात आहेत, ती महत्त्वाची. बाकीचं बघून घ्या आणि नको ते काढून टाका," असं सांगण्यात आलं. यातलं दुसरं वाक्य ऐकायचं नसतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. या कामात येऊ पाहणाऱ्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे जे आहे, ते बहुतेक त्या दोन वर्षांत आणि नंतर केलेल्या दुरुस्तीत हाती आलं.

मिनिट बुक म्हणजे विश्वस्तांच्या सभेचं इतिवृत्त. त्यात सापडतं ते एवढंच: अमुक गावच्या विहिरीच्या कामास रु. 1,500 मंजूर, सर्वानुमते. ते गाव कुणी सुचवलं, तिथे जाऊन कोण बघून आलं, आधी दोनदा नाकारलेला अर्ज तिसऱ्यांदा का मान्य झाला, दीड हजारच का, यातलं काही ठरावात नसतं. ते असतं ट्रस्टच्या नोकरीतल्या माणसांच्या कागदांत. फिरतीवरच्या अधिकाऱ्याच्या डायरीत, अर्जाच्या समासातल्या पेन्सिलीच्या शेऱ्यात, हेडक्लार्कच्या आवक-जावक वहीत, टायपिस्टने जपलेल्या कार्बन प्रतींत. विश्वस्त सही करतात, पण सहीचा कागद त्यांच्यापुढे येईपर्यंतची सगळी हकिकत कर्मचाऱ्यांच्या हाताखालून गेलेली असते. म्हणून ट्रस्टचं दप्तर जपायचं तर ट्रस्टच्या माणसांचे कागद जपावे लागतात. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

हे जिथे फार चांगलं दिसतं ते ठिकाण म्हणजे न्यूयॉर्क राज्यातल्या स्लीपी हॉलो इथलं रॉकफेलर आर्काइव्ह सेंटर. 1974 साली ते स्थापन झालं, आणि फोर्ड फाउंडेशनचं दप्तरही आता तिथेच आहे. रॉकफेलर फाउंडेशन ही अनुदानं देणारी अमेरिकी संस्था 1913 ची. तिथले अधिकारी कामाची डायरी ठेवत: आज कुणाला भेटलो, प्रयोगशाळेत काय पाहिलं, माणूस कसा वाटला. माणसांची नावं आद्याक्षरांनी लिहिलेली. वॉरन वीव्हर 1932 पासून तिथल्या नैसर्गिक विज्ञान विभागाचे प्रमुख होते, ते डायरीत 'डब्ल्यूडब्ल्यू' होतात. 'मॉलिक्युलर बायॉलॉजी' हे नाव ज्यांनी 1938 च्या अहवालात वापरलं, ते हेच. कुठल्या शास्त्रज्ञाला पैसे मिळाले हे वार्षिक अहवालात छापलेलं असतं, पण त्याच्यावर विश्वास का बसला हे डायरीत वाचायला मिळतं. यातल्या बऱ्याच डायऱ्या आता घरबसल्या संगणकावर वाचता येतात. या कामात येणाऱ्या प्रत्येकाने आधी त्यातली पन्नास पानं वाचावीत. आपल्याला काय वाचवायचंय याचा अंदाज त्यातून येतो.

आपल्याला जवळचा एक धागा तिथे आहे. 1952 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही. 1957 मध्ये शिमोग्याच्या बाजूला क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने पडू लागली, तेव्हा त्या विषाणूचा छडा पुण्याच्या याच केंद्राने लावला. या केंद्राची गोष्ट लिहायची तर निम्मे कागद पुण्यात आणि निम्मे अमेरिकेत शोधावे लागतात. अनुदानाला नेहमी दोन टोकं असतात, देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं. देणाऱ्याच्या फायलीत गाव असतं अर्जापुरतं, घेणाऱ्याच्या फायलीत ट्रस्ट असतो चेकपुरता. नव्या माणसाने यादी करताना दुसरं टोक कुठे असेल याची एक ओळ तिथेच लिहून ठेवावी. मी ते उशिरा सुरू केलं आणि पहिल्या चारशे नोंदींत ती ओळ नाही.

पुण्यातच टाटा सेंट्रल आर्काइव्ह्ज आहे, टाटांच्या कंपन्यांचं आणि ट्रस्टचं दप्तर. ते 1991 मध्ये सुरू झालं. सर दोराबजी टाटा ट्रस्ट 1932 चा. नुसत्या त्याच्या अनुदानांचा माग काढला तरी वाट समाजकार्याच्या शाळेपाशी जाते, जी 1936 ला निघाली आणि पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. मग 1941 च्या टाटा मेमोरियलपाशी, मग 1945 च्या टीआयएफआरपाशी, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेपाशी. आणखी मागे, 1892 मध्ये, जमशेटजींनी उच्च शिक्षणासाठी जो निधी काढला, त्यातून मदत मिळालेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत कृष्णाबाई केळवकर होत्या, पुढे कोल्हापुरात डॉक्टर झालेल्या. एका मराठी मुलीवर त्या काळात पैसे लावावेत असं कुणाला तरी वाटलं. हे का वाटलं असेल, हा प्रश्न मला कुठल्याही रकमेपेक्षा मोठा वाटतो, आणि अशा प्रश्नांसाठीच मी हे काम करते.

कायद्याच्या आधारावर इथे फार विसंबू नका. 1993 चा पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट सरकारी दप्तराचा आहे, खासगी ट्रस्टला तो लागत नाही. आपल्याकडे 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंद असते. शेड्यूल वन म्हणजे ट्रस्टच्या नोंदीचा उतारा, चेंज रिपोर्ट म्हणजे विश्वस्त किंवा मालमत्ता बदलल्याची नोंद, ऑडिट झालेले हिशेब, हे सगळं तिथे मिळतं, आणि एखाद्या ट्रस्टचे स्वतःचे कागद बुडाले असतील तर तोच मोठा आधार. पण समासातला शेरा तिथे जात नाही. आयकराच्या नियमांप्रमाणे हिशेबाचे कागद दहा वर्षं ठेवायचे असतात. त्यामुळे अकरावं वर्ष लागलं की अकाउंट्सवाले रद्दीवाल्याला फोन करतात. त्यांची चूक नसते, त्यांना कुणी दुसरं काही सांगितलेलंच नसतं. ते सांगणं आपलं काम.

आता माझी चूक सांगते. 1972 च्या दुष्काळातल्या अर्जांचं एक मोठं गाठोडं होतं. सांगोला, जत, आटपाडी या भागातल्या गावांचे अर्ज: विहीर खोल करायची, शाळेच्या पोरांना एक वेळ खिचडी, गुरांसाठी कडबा. अर्ज तारखेने लावलेले नव्हते, गावाच्या नावानेही नव्हते. मला वाटलं, विस्कटलेले आहेत. मी तीन आठवडे बसून ते सगळे तारीखवार लावले, नवीन फायलींत घातले, जुन्या दोऱ्या फेकून दिल्या. वर्षभराने बिलांचा एक खोका उघडला. प्रवासभत्त्याची बिलं. एस.टी.चं भाडं इतकं, पुढे बैलगाडी, मुक्काम शाळेत, दुसऱ्या दिवशी पायी अमुक वाडी. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की अर्ज वाटेने लावलेले होते. एका रस्त्यावरची गावं एका दोरीत. फिरतीवर निघताना अधिकारी तेवढी जुडी उचलायचा, गाव येईल तसा अर्ज काढायचा, बघायचा, पेन्सिलीने शेरा मारून जुडीच्या तळाला टाकायचा. तो क्रम म्हणजेच त्या दुष्काळात ट्रस्ट कुठे पोचला आणि कुठे पोचलाच नाही याचा नकाशा होता. तो मी मोडला.

दप्तराच्या कामाचा पहिला नियम, मूळ क्रम मोडायचा नाही, मी पुस्तकात वाचलेला होता. पण क्रम समोर असूनही तो क्रम आहे हे मला दिसलं नव्हतं. बिलांवरून मी अकरा दौरे परत जुळवले. बाकीचे नाही जुळले. ती बिलं दहा वर्षांच्या नियमाने कधीच जायला हवी होती, कुणाच्या तरी विसरण्यामुळे वाचली, आणि मीसुद्धा ती 'नको ते' म्हणून बाजूला काढलेली होती.

म्हणून पहिला महिना कशालाही हात लावू नका. खोलीचे, कपाटांचे, प्रत्येक फळीचे फोटो काढा. गाठोडं जिथे आहे तिथेच त्याला चिठ्ठी बांधून नंबर द्या, वर काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका. मग शिपायाला विचारा. आमच्या मामांना कोणतं कपाट कुठल्या मजल्यावरून कधी खाली आलं हे तोंडपाठ होतं, आणि त्यांना तोवर कुणी विचारलेलं नव्हतं.

हाताने करायच्या गोष्टी थोडक्यात सांगते. लिहायचं ते पेन्सिलीने. गंजलेली टाचणी ओढायची नाही, खाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून हळू सोडवायची. रबर बँड काढून सुती नाडी बांधायची. सेलोटेप आणि लॅमिनेशन कधीही नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. खोके भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून वीतभर वर, कारण वाळवी भिंतीतून येते आणि पावसाळ्यात पाणी जमिनीवरून. बुरशी आलेला कागद आधी वेगळा करा, तोंडाला मास्क लावा, वाऱ्यावर सुकवा, उन्हात नाही, कारण उन्हाने शाई उडते. हिशेबाच्या वह्या जुन्या असतील तर मोडी लिपी येणारच. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग चालतात, ते जरूर करा.

फॅक्सबद्दल मात्र थोडं जास्त सांगायला हवं. 1990 च्या दशकातल्या फायलींत मंजुऱ्या फॅक्सने आलेल्या असतात, त्या गुळगुळीत थर्मल कागदावर. माझ्या हातात असा एक कागद आला जो अक्षरं उडून पूर्ण कोरा झालेला होता. खाली फक्त बॉलपेनने केलेली सही. कशाला मंजुरी दिली होती हे कुणालाच सांगता आलं नाही. थर्मल कागद दिसला की बाकी काम थांबवून त्याच दिवशी त्याची साध्या कागदावर झेरॉक्स काढा. कार्बन प्रत पन्नास वर्षं टिकते, फॅक्स वाट बघत नाही.

नामंजूर अर्जांवर जीव लावा. बहुतेक ठिकाणी ते आधी रद्दीत जातात, कारण पैसे दिलेच नाहीत तर कागद कशाला, असं वाटतं. पण ट्रस्टने कशाला नाही म्हटलं, हे कळल्याशिवाय हो म्हटल्याचा अर्थ लागत नाही. एका अर्जावर शेरा होता: "बाई स्वतः शाळा चालवते. छप्पर नाही. पैसे दिल्यास टिकेल." खाली वेगळ्या अक्षरात "शिल्लक नाही". ट्रस्टच्या छापील इतिहासात ती बाई नाही, तिच्या शाळेचा पुरावा माझ्या माहितीत हाच एक.

याच अर्जांत लोकांनी आपलं आजारपण, कर्ज, घरातली भांडणं लिहिलेली असतात. नोकरवर्गाच्या फायलींत मेमो आणि पगाराचे वाद असतात. हे सगळं जपायचं, पण सगळं लगेच उघडायचं नाही. कोणती फाईल किती वर्षं बंद राहील हे विश्वस्तांकडून लेखी ठरवून घ्या. आजारी माणसाचं पत्र प्रदर्शनात लावण्याआधी त्याचं घर आजही त्याच गावात आहे हे लक्षात ठेवा.

आत्ताच्या कर्मचाऱ्यांचंही बघावं लागतं. आज शेरे ई-मेलमध्ये आणि व्हॉट्सॲपवर पडतात, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा मेलबॉक्स बंद होतो. लॅपटॉप, किल्ल्या, ओळखपत्र परत घेण्याच्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवून घेतली: कामाची पत्रं आणि टिपणं दप्तराकडे सोपवली. या एका ओळीसाठी आठ महिने पाठपुरावा केला.

शिक्षणाचं म्हणाल तर दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, छोटे अभ्यासक्रमही आहेत. इतिहासाची पदवी उपयोगी पडते, हिशेब वाचता येणं त्याहून जास्त. कायम नोकऱ्या थोड्या आहेत. बरेचदा ट्रस्टची शताब्दी जवळ आली की स्मरणिकेसाठी माणूस हवा असतो. काम घ्या, पण स्मरणिका छापून झाल्यावर खोली, खोके आणि एक माणूस राहील का, हे पहिल्याच बैठकीत विचारा.

दुष्काळाच्या दौऱ्यांचे ते अधिकारी हयात आहेत हे मला पेन्शनच्या यादीतून कळलं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. मी जुळवलेल्या अकरा दौऱ्यांची यादी घेऊन गेले आणि क्रम माझ्या हातून मोडल्याचं आधी सांगितलं. ते रागावले नाहीत. चष्मा लावून त्यांनी यादी वाचली, सातव्या दौऱ्यापाशी बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे ओढा होता. पाऊस नव्हता, कोरडाच होता, म्हणून बैलगाडी पलीकडे गेली. नाहीतर ही तीन गावं वेगळ्या दौऱ्यात पडली असती." मग आत जाऊन त्यांनी एक पत्र्याची पेटी आणली. त्यात त्यांच्या खिशातल्या वह्या होत्या, 1971 ते 1979. मी दर गुरुवारी दुपारी जाते. आतापर्यंत चार वह्या वाचून झाल्या आहेत.