अंदमानला लहान मुलाला घेऊन जाताना: बॅगा भरण्याआधी आणि भरताना

जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पोर्ट ब्लेअरला तो पावणेसहाला वर आलेला असतो आणि संध्याकाळी सव्वापाचला बुडतोही. घड्याळ तेच, भारतीय वेळ तीच, पण बेटं इतकी पूर्वेला आहेत की सगळा दिवस अलीकडे सरकतो. अंदमानची तयारी मी या एका गोष्टीपासून सुरू करायला सांगते, कारण पुढचं सगळं, खोली कुठली घ्यायची, कुठल्या बोटीचं तिकीट काढायचं, पिशवीत काय वर ठेवायचं, यावरच ठरतं. आम्ही फेब्रुवारीत गेलो तेव्हा लेक पावणेतीन वर्षांची होती. घरी ती पहाटे उठली की आम्ही कंटाळायचो. तिथे ती साडेपाचला उठली आणि सहाला आम्ही तिघं समुद्रात होतो. किनारा मोकळा, पाणी कोमट, ऊन कोवळं.

आणखी एक लक्षात घ्या. आपल्याकडचं बाराचं ऊन तिथे साडेअकरालाच डोक्यावर येतं. म्हणजे मुलासाठी टाळायचं ऊन नऊ ते अडीच. या वेळात खोलीत जेवण आणि झोप, साडेतीनला पुन्हा बाहेर, सूर्य बुडाला की परत. हा बेत मनाशी पक्का झाला की दिवसाला एकच ठिकाण होतं, आणि तेवढंच करा. टूरवाल्यांच्या कागदावर दिवसाला तीन ठिकाणं असतात. त्यातली दोन आत्ताच खोडून टाका.

तारखा ठरवताना जानेवारी ते एप्रिलचा सुरुवातीचा भाग धरा. मे महिन्यात पाऊस आपल्या कोकणाच्या आधी तिथे पोचतो, आणि खवळलेल्या समुद्रात बोटी रद्द होतात. सहा रात्री असतील तर दोन ठिकाणं पुरेत: पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक, किंवा हॅवलॉकच्या जागी नील. नावांचा घोळ होऊ देऊ नका. 2018च्या डिसेंबरपासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, आणि 2024च्या सप्टेंबरपासून पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम आहे. तिकिटांवर कुठे जुनं, कुठे नवं दिसेल. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला येऊन राहा, त्याच दिवशी सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचा बेत करू नका. बोट समुद्राच्या मर्जीवर सुटते, विमान थांबत नाही.

बारातांगच्या चुनखडीच्या गुहा या वेळी सोडून द्या. रस्त्याने जायचं तर रात्री तीन-साडेतीनला निघावं लागतं, जारवा आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून गाड्यांचा ताफा ठरलेल्या वेळीच सुटतो, मध्ये थांबता येत नाही. ज्या रस्त्यावर मुलाला शू आली तरी गाडी उभी करता येत नाही, तो रस्ता तीन वर्षांच्या मुलासाठी नाही. शिवाय ते त्या लोकांचं घर आहे. तिथून जितक्या कमी गाड्या जातील तितकं बरं, असं मला मनापासून वाटतं.

निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडे जा. लसी राहिल्यात का ते बघून घ्या, मुलाचं वजन करून घ्या आणि औषधांची मात्रा मिलीमध्ये लिहून आणा. हे मी का सांगते? पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलीत 120 मिग्रॅ असतं, 250 मिग्रॅचंही असतं, आणि थेंबांच्या बाटलीत 1 मिलीतच 100 मिग्रॅ. घरी एक बाटली वापरायची सवय असते, बेटावर दुकानात दुसरीच हातात येते, आणि रात्री ताप चढलेला असताना गणित सुचत नाही. म्हणून नेहमीचीच बाटली न्या, तिच्यावर चिकटपट्टी लावून डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा आणि त्या दिवशीचं वजन लिहा, मापाची पिचकारी रबर बँडने बाटलीलाच बांधा. सोबत थर्मामीटर, उलटीचं आणि ॲलर्जीचं औषध (डॉक्टरांनी दिलं तरच), नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, कॅलामाइन, जखमेचं मलम, पट्ट्या, काटा काढायचा चिमटा. ओआरएसच्या पुड्या सात-आठ तरी. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते आणि लहान 200 मिलीची. अर्धी पुडी अंदाजाने कालवू नका. खोक्यातली गोड पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत, त्यात साखर फार असते. पोर्ट ब्लेअरला जी. बी. पंत हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. हॅवलॉकला सरकारी आरोग्य केंद्र आहे, पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं. म्हणून ही थैली चेक-इनच्या बॅगेत कधीच टाकायची नाही.

आता पिशव्या. आम्ही तीन वेगळ्या केल्या आणि त्यामुळे फार सोपं गेलं: विमानाची, बोटीची आणि समुद्राची.

विमानाची पिशवी छोटी. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेता येतं, दोन पूर्ण झाली की वेगळी जागा लागते, आणि वयाचा पुरावा मागतात. जन्मदाखला किंवा निळं बाल आधार, मूळ प्रत आणि फोनमध्ये फोटो. महाराष्ट्रातून जाताना बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरला विमान बदलावं लागतं. मध्ये तीन तास तरी ठेवा, कारण मुलाला एकदा पळू द्यावं लागतं. विमान उतरायला लागलं की कान दुखतात, तेव्हा बाळाला अंगावर पाजा, मोठ्या मुलाला स्ट्रॉने पाणी द्या. लेकीला मी राजगिऱ्याचा लाडू कुरतडायला दिला होता, तो धावपट्टीपर्यंत पुरला.

बोटीची पिशवी जास्त महत्त्वाची आहे. हॅवलॉकला खासगी बोटीने साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीने अडीचच्या आसपास. खासगी बोटी बंद, वातानुकूलित असतात आणि आत चांगलाच गारवा असतो. बाहेर घाम, आत थंडी, आणि अंगात स्लीव्हलेस फ्रॉक, असं आमचं झालं. म्हणून पातळ स्वेटर वरच ठेवा. जागा बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथे हेलकावे कमी. आमची बोट निघून वीस मिनिटं झाली आणि लेक एकदम गप्प झाली. बडबडी मुलगी गप्प झाली, ओठ पांढरे पडले, जांभया यायला लागल्या. बोट लागल्याची हीच खूण आहे. मी पिशवीची चेन उघडेपर्यंत उशीर झाला होता. परतीच्या बोटीत मी आधीच मांडीवर टॉवेल पसरून बसले, तिला खिडकीतून लांबचं बेट दाखवत राहिले, फोन अजिबात दिला नाही, आणि काही झालं नाही. सुटायच्या तासभर आधी कोरडं, हलकं खायला द्या: चुरमुरे, मारी बिस्किट, कोरडी पोळी. दूध नको. पिशवीत घट्ट तोंडाच्या पिशव्या, ओले रुमाल, मुलाचे दोन जोड कपडे आणि आईसाठी किंवा बाबासाठी एक सदरा. हा सदरा सगळे विसरतात. बोटीवर लहान मापाचं लाइफ जॅकेट कुठे आहे ते चढतानाच विचारून घ्या.

समुद्राच्या पिशवीत सगळ्यात आधी लांब बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा सदरा, आणि मानेवर पडदा येणारी टोपी. कापड अंगावर असलं की क्रीम लावायला उरतो फक्त चेहरा, हाताचे पंजे आणि पाय. क्रीम एसपीएफ 30 किंवा वरचं, झिंक ऑक्साइडवालं, पाण्यात जायच्या वीस मिनिटं आधी, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आलं की पुन्हा. घरी दोन-तीन दिवस आधी मनगटावर लावून बघा. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर क्रीमपेक्षा सावलीच. पाण्यात नेहमीचा डायपर घालू नका, तो पाणी पिऊन विटेएवढा जड होतो. पोहण्याचे वेगळे डायपर मिळतात, त्यांतून शू बाहेर जाते, शी अडते. पायात मागे पट्टा असलेले रबरी बूट हवेत, कारण बऱ्याच किनाऱ्यांवर वाळूखाली मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे असतात.

स्ट्रोलर घरी ठेवा, वाळूत चाक फिरत नाही. त्याऐवजी आईची एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी न्या. आमच्या अख्ख्या सहलीत सगळ्यात जास्त वापरली गेलेली वस्तू तीच. दोन झाडांना बांधून सावली केली, ओल्या लेकीला गुंडाळलं, बोटीत पांघरूण झालं, हॉटेलच्या अनोळखी पलंगावर झोप येईना तेव्हा खाली अंथरली आणि घरच्या वासाने ती पाच मिनिटांत झोपली. फक्त नारळाच्या झाडाखाली काही अंथरू नका, नारळ कधीही पडतो.

भरती-ओहोटीच्या वेळा रोज सकाळी हॉटेलात विचारा किंवा आधीच काढून ठेवा. त्या रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. कोकणातल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप आत येतं आणि खूप बाहेर जातं. नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर पाणी असताना मुलांना डुंबायला सुरेख जागा आहे, ओहोटीला तिथेच प्रवाळ उघडं पडतं. लक्ष्मणपूरचा दगडी नैसर्गिक पूल मात्र ओहोटीलाच बघता येतो, पण वाट निसरड्या खडकांची आहे, मूल कडेवर घेऊन मी जाणार नाही. अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. जिथे मगरीचा फलक आहे तिथे पाऊलही पाण्यात घालायचं नाही. हॅवलॉकच्या राधानगरला जीवरक्षक असतात, त्यांनी दाखवलेल्या जागेतच उतरा. आणि हाताला दंडपट्ट्या, कमरेला फुगवलेलं चाक असं काहीही असलं तरी मूल हाताच्या अंतरावर हवं. गुडघाभर पाण्यातही.

वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी चावतात. दिसत नाहीत, चावलेलं तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर लाल गांधी उठतात आणि मूल रात्रभर खाजवतं. सूर्य बुडायला आला की पायघोळ विजार आणि मोजे चढवा, मुलाला थेट वाळूवर बसवू नका. कीटकांचं क्रीम लावायचंच तर आधी उन्हाचं, वरून हे, आणि हाताच्या पंजांना नाही, कारण पंजे तोंडात जातात. नखं आदल्या दिवशी कापून ठेवा.

खाण्याची काळजी वाटते तितकी नसते. भात, वरण, इडली, मासे, केळी आणि शहाळं सगळीकडे मिळतं. तिखट मात्र सांगून कमी करून घ्यावं लागतं. मी मेतकुटाची बरणी, तुपाची छोटी डबी, नाचणीचं सत्त्व, भाजलेले पोहे आणि एक विजेची किटली नेली होती. जेवायला नकार आला की गरम मऊ भात, तूप, मेतकूट. नव्या जागेत मुलाला ओळखीची चव लागली की तेही सावरतं आणि आपणही. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद, स्टीलच्या बाटलीत भरून.

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढा. चेन्नईहून समुद्राखालून केबल 2020मध्ये आली तेव्हापासून इंटरनेट सुधारलं आहे, तरी लहान बेटांवर नेटवर्क मध्येच जातं. तिकिटं, हॉटेलचा पत्ता, डॉक्टरांची चिठ्ठी कागदावर ठेवा.

सेल्युलर जेलचा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक घरात निघतो. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते, थोरले बंधू बाबारावही तिथेच. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना ती कोठडी बघायचीच असते आणि ती बघावीच. पण जिने आहेत, ऊन आहे, आणि संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम अंधारात, मोठ्या आवाजात असतो. पहाटे उठलेलं मूल तेव्हा पेंगत असतं, दचकून रडतं. आम्ही वाटून घेतलं. सकाळी दार उघडल्याबरोबर तिला घेऊन सगळे गेलो, संध्याकाळी आई-बाबांबरोबर नवरा गेला आणि मी तिच्याजवळ थांबले. दुसऱ्या दिवशी समोरच्या रॉस बेटावर हरणं आणि मोर बघून ती जेवढी खूश झाली, तेवढी आख्ख्या सहलीत एकदाच झाली होती: हॅवलॉकला, एक शंख चालायला लागला तेव्हा.

ते असं झालं. ओल्या वाळूवर बोटाएवढा पांढरा शंख पडला होता. तिने उचलून तळहातावर ठेवला, आम्ही हलायचे थांबलो, आणि मिनिटभराने आतून लालसर पाय बाहेर आले. शंखात राहणारा खेकडा. तिने तो सावकाश, दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि तो भरभर निघून गेला. "त्याचं घर आहे," ती म्हणाली. म्हणून यादीतली शेवटची नोंद: निघायच्या आदल्या रात्री मुलाचे खिसे, बूट आणि खेळण्याची बादली उलटी करून बघा. प्रवाळाचा तुकडा न्यायला बंदी आहे, कित्येक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, आणि विमानतळावर बॅगा तपासतात. आमच्या बादलीत अकरा शंख निघाले. पोर्ट ब्लेअरला पोचलो होतो, तरी सकाळी विमानाआधी आम्ही किनाऱ्यावर गेलो आणि तिने एकेक करून ते पाण्याच्या कडेला ठेवले.