प्रॉडक्ट की हाताशी नसताना मूळ विंडोज पुन्हा टाकणे

विंडोज ८ पासून पुढे, म्हणजे २०१२ नंतर, विंडोजसकट विकल्या गेलेल्या बहुतेक लॅपटॉपची प्रॉडक्ट की (विंडोज अस्सल असल्याचा कोड) मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे बोर्डावर कायम असलेल्या प्रोग्राममध्ये, लिहिलेली असते. इन्स्टॉलर ती स्वतःच वाचतो. पुढे विंडोज १० किंवा ११ त्याच मशीनवर ॲक्टिव्हेट झाले असेल तर डिजिटल लायसन्सची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. त्यामुळे शोधायची ती की नव्हे, एडिशन. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन इथे होम आहे की प्रो, ते आधी लिहून ठेवा. की दाखवणाऱ्या प्रोग्रामांवर विसंबू नका. डिजिटल लायसन्स असेल तर ते बहुधा सगळ्यांना सारखीच असलेली जेनेरिक की दाखवतात.

डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच उतरवून घ्या, नाहीतर नंतर डी ड्राइव्ह उघडणार नाही.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा. त्यावरचे सगळे पुसले जाते. मशीन सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबा (कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप) आणि यादीत पेनड्राइव्हच्या नावाआधी यूईएफआय (UEFI, मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) लिहिलेली नोंद निवडा.

की विचारली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा आणि लिहून ठेवलेलीच एडिशन घ्या. होमच्या लायसन्सवर प्रो टाकले तर ते ॲक्टिव्हेट होत नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. उलटही घडते: फर्मवेअरमध्ये होमची की असेल आणि प्रो नंतर घेतलेले असेल, तर इन्स्टॉलर न विचारताच होम टाकतो. तेव्हा सेटिंग्जच्या ॲक्टिव्हेशनमधला ट्रबलशूटर (अडचण शोधून सोडवणारी सोय) चालवा.

डिस्कच दिसत नसेल तर घाबरू नका. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असते, आणि तिच्या ड्रायव्हरशिवाय इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर सुटा (एक्स्ट्रॅक्ट) करून 'लोड ड्रायव्हर'ने द्या. वायफायचा ड्रायव्हरही त्यातच टाकून ठेवा, विंडोज ११ सेटअपमध्ये इंटरनेट मागते. डिस्क दिसली की जुन्या विंडोजची पार्टिशन (डिस्कचे भाग) काढून मोकळ्या जागेवर इन्स्टॉल करा. डी ड्राइव्हला हात लावू नका.

इंटरनेट जोडल्यावर ॲक्टिव्हेशन आपोआप होते. मदरबोर्ड बदललेला असेल तर बहुधा होत नाही. लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधीच जोडलेले असल्यास ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर बदलल्याचा पर्याय वापरून पाहा.