अर्जात ‘विथहोल्ड’ कुठे लिहायचं आणि कुठे नाही

पगारवाढ अडली, पेन्शन थांबलं, डिपॉझिट परत मिळेना. असल्या प्रकरणात इंग्रजीत अर्ज किंवा अपील करायची वेळ आली की ‘विथहोल्ड’ (withhold, म्हणजे द्यायचं ते अडवून ठेवणं) हा शब्द लागतोच. नेमक्या त्याच वेळी कुणीतरी सल्ला देतं, ‘तोच तोच शब्द नको, समानार्थी शब्द बघ.’ मग रिटेन, रिझर्व्ह, डिटेन, सप्रेस, रिस्ट्रेन अशी सगळी रांग एकाच अर्जात उतरते. हा सल्ला निबंधापुरता ठीक आहे. अपिलात तीन शब्द दिसले की वाचणारा अधिकारी तीन वेगळ्या तक्रारी शोधू लागतो. एका गोष्टीला एकच शब्द, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत. कंटाळवाणं झालं तरी चालेल.

आधी मराठीत एक वाक्य लिहून काढा: कोणी, कोणाचं, काय अडवलं आणि कोणत्या कारणाने. हे जमत नसेल तर इंग्रजीत बसूच नका.

‘विथहोल्ड’च्या स्पेलिंगमध्ये मधे लागोपाठ दोन एच, ‘थ्रेशोल्ड’मध्ये (threshold) मात्र मधला एकच. भूतकाळ ‘विथहेल्ड’, ‘विथहोल्डेड’ असा शब्द नाही.

वाक्यरचना सोपी आहे. अडवलेली वस्तू कर्म म्हणून येते आणि ज्याच्यापासून अडवली तो ‘फ्रॉम’नंतर. माणूस ‘विथहोल्ड’ होत नाही, त्याचा पगार होतो. माणसाला मागे ठेवलं तर ‘होल्ड बॅक’. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ मध्ये मुलाला त्याच वर्गात ठेवू नये हे सांगताना ‘हेल्ड बॅक’ हेच शब्द होते. अश्रू आणि हसू हेही ‘होल्ड बॅक’च. स्वतःच काही करायचं टाळलं तर ‘रिफ्रेन फ्रॉम’, मतदानात तटस्थ राहिलं तर ‘अॅब्स्टेन’. इथवर फारसं कोणी अडत नाही.

अडतात ते पुढे, आणि मलाही हे सुटसुटीत व्हायला बराच काळ गेला. कारण आपल्याकडे ‘राखून ठेवणे’ हा प्रयोग फार कामं करतो. न्यायालय निकाल राखून ठेवतं, विद्यापीठही निकाल राखून ठेवतं, ठेकेदाराच्या बिलातून रक्कम राखून ठेवतात आणि समारंभात पहिली रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. मराठीत कुठेच खटकत नाही. इंग्रजीत मात्र यातल्या प्रत्येक ठिकाणी शब्द बदलू शकतो. शब्दकोशातले अर्थ पाठ करून हे सुटत नाही. त्यापेक्षा त्या वस्तूबद्दल काही प्रश्न विचारायचे.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा: ती गोष्ट एरवी मिळणारच होती का? असेल तर ‘विथहोल्ड’. सरकारी नोकरांसाठीच्या मूलभूत नियमांतला २४ वा नियम सांगतो की वेतनवाढ ही ओघानेच मिळते, ती ‘विथहेल्ड’ केली असेल तरच नाही. म्हणून महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये वेतनवाढ रोखणं आणि बढती रोखणं या शिक्षा आहेत. जे मिळणारच नव्हतं ते कोणी ‘विथहोल्ड’ करू शकत नाही. दिवाळीला साहेबाने मर्जीने द्यायची बक्षिसी दिली नाही म्हणून ‘विथहेल्ड’ लिहिलंत, तर ती तुमचा हक्क होती हे आधी दाखवावं लागेल.

दुसरा प्रश्न: ती मिळायला सुरुवात झाली होती का? झाली असेल आणि मग काढून घेतली असेल तर ‘विथड्रॉ’.

तिसरा: समोरच्याच्या हातात आधीच असलेली वस्तू त्याने परत दिली नाही का? तिथे ‘रिटेन’. घरमालकाकडे तुमचं डिपॉझिट आधीपासूनच आहे, रंगकामाचा खर्च दाखवून त्याने ते ठेवून घेतलं तर त्याने ते ‘रिटेन’ केलं. ‘विथहोल्ड’ लिहिलं तर चूक ठरणार नाही, पण करारात ‘रिटेन’ असेल तर तुम्हीही तेच लिहा.

चौथा: ती गोष्ट पुढच्या वापरासाठी किंवा दुसऱ्या कोणासाठी बाजूला ठेवली आहे का? तर ‘रिझर्व्ह’. न्यायालय निकाल ‘रिझर्व्ह’ करतं तेव्हा कोणाचं काही अडवलेलं नसतं, निकाल अजून द्यायचा असतो एवढंच.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०० मध्ये दोन्ही शब्द एकाच वाक्यात भेटतात. राज्यपाल विधेयकाला अनुमती देतात, अनुमती ‘विथहोल्ड’ करतात किंवा विधेयक राष्ट्रपतींसाठी ‘रिझर्व्ह’ करतात. तिथे या दोहोंची अदलाबदल करून बघा, घटनात्मक गोंधळ उडेल. केंद्र सरकारच्या १९७२ च्या पेन्शन नियमांतला (२०२१ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) नववा नियम तर मी शिकवायलाच वापरतो: पेन्शन ‘विथहोल्ड’ करण्याचा किंवा ‘विथड्रॉ’ करण्याचा अधिकार राष्ट्रपती स्वतःकडे ‘रिझर्व्ह’ करत. तीन क्रियापदं, तिन्हींचं काम वेगळं. समानार्थी शब्दांच्या याद्या वाटणाऱ्यांनी हे एक वाक्य वाचावं.

गुणपत्रिकेचं मात्र वेगळं. अडकलेल्या निकालासमोर कुठे ‘विथहेल्ड’ छापतात, कुठे ‘रिझर्व्ह्ड’. तिथे व्याकरण शिकवायला जाऊ नका, छापलेला शब्द जसाच्या तसा उचला.

‘सप्रेस’पासून सावध राहा. माहिती अधिकाराच्या अपिलात लोक रागाच्या भरात हा शब्द हमखास घालतात. त्यात समोरच्याने मुद्दाम दाबल्याचा आरोप येतो, आणि आरोप केला की तो सिद्ध करण्याचं लोढणं आपल्याच गळ्यात. ‘विथहोल्ड’ एवढंच म्हणतो की द्यायला हवं होतं ते दिलं नाही. त्याला मिळमिळीत समजू नका. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम ११४ च्या उदाहरणात, जवळचा पुरावा जो हजर करत नाही त्याच्याविरुद्ध तो पुरावा गेला असता असं न्यायालय गृहीत धरू शकत होतं, आणि तिथे वापरलेला शब्द ‘विथहोल्ड’च होता.

भाडेकरारात संमती ‘अनरिझनेबली विथहेल्ड’ होणार नाही असं कलम असतं; ते सोपं करण्याच्या नादात बदलू नका. पगारातून कापलेल्या कराला भारतात ‘डिडक्ट’ लिहा. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या डब्ल्यू-फोर फॉर्मवर ‘विथहोल्डिंग’ असतं, ते तिकडचं.

शेवटी मागणीचं क्रियापद जुळवा. इथे चांगले लिहिणारेही घसरतात. ‘विथहेल्ड’ असेल तर ‘रिलीज’ मागा, ‘विथड्रॉन’ असेल तर ‘रिस्टोअर’, ‘रिटेन्ड’ असेल तर ‘रिफंड’ किंवा ‘रिटर्न’. सरसकट ‘रिफंड’ मागितलं की तुमच्याकडून पैसे आलेच नव्हते, असं लेखी उत्तर येतं, आणि ते उत्तर बरोबर असतं.