मागची चाकं उड्या मारतात? गाडी लिफ्टवर चढवण्याआधी हे वाचा

फोर्ड मस्टँग जीटी जोरात पळवताना मागची चाकं उड्या मारतात, ते थांबवण्याचं हे काम. सगळ्यात आधी टेप. पाना नाही, जॅक नाही, पार्सलमधून आलेले चकचकीत पार्ट तर नाहीच नाहीत. साधा मोजायचा टेप, पेन आणि वहीचं एक पान. गाडी सपाट फरशीवर उभी, टायरमध्ये नेहमीची हवा, डिकी रिकामी. चारही चाकांच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि लिहून ठेवायचं. पानाचा फोटो काढा, स्वतःलाच व्हॉट्सअॅप करा, काय वाटेल ते करा. गाडी हवेत गेली की हे माप पुन्हा मिळत नाही. मागच्या खेपेला मी ते घेतलं नव्हतं आणि एवढा खर्च करून गाडी होती त्यापेक्षा वाईट चालायला लागली. कारण खाली येईल, पण माप आधी घ्या, कारण मग वाचा.

हे सगळं मी 2016 मध्ये आपल्याकडे अधिकृतपणे आलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या मस्टँग जीटीबद्दल लिहितोय. पाच लिटरचं व्ही-एट, 515 न्यूटन मीटर टॉर्क आणि मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं आपापली वर-खाली होणारी. आधीच्या मस्टँगना, एखाददुसरी खास आवृत्ती सोडली तर, मागे अखंड एक्सल असायचा. तुमच्याकडे तसली जुनी अमेरिकन गाडी असेल तर पार्ट वेगळे: लीफ स्प्रिंग असतील तर ट्रॅक्शन बार, कॉइल असतील तर खालचे कंट्रोल आर्म. त्याची यादी इथे देत बसत नाही. टेपचं तेवढं तिथेही लागू.

आता उड्या का, ते थोडक्यात, कारण हे कळल्याशिवाय लोक चुकीचे पार्ट मागवतात. मस्टँगमध्ये मागचं डिफरेन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा) आणि चाकांना धरणारे सगळे दांडे, म्हणजे आर्म, एका लोखंडी पाळण्यावर बसलेले असतात, त्याला क्रेडल किंवा सबफ्रेम म्हणतात. हा पाळणा बॉडीला चार मोठ्या बोल्टनी, मध्ये जाड रबरी बुश घालून लावलेला असतो. रबर कशाला, तर आवाज आणि थरथर आत येऊ नये म्हणून. तुम्ही जोरात अॅक्सिलरेटर दाबता, टायर रस्ता पकडतो, सगळा पाळणा रबरात पिळला जातो. मग टायर सुटतो, रबर उलटं फिरून जागेवर येतं, टायर पुन्हा पकडतो, पुन्हा पिळतो. हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं आणि आत बसलेल्याला वाटतं मागून कोणीतरी हातोडा मारतंय. यात हाफ शाफ्ट, म्हणजे डिफरेन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा, जातो, डिफरेन्शियलची माउंटिंग जातात. उड्या सुरू झाल्या की पाय लगेच उचलायचा. ‘बघू थांबतंय का’ म्हणून दाबून धरणाऱ्याला माझ्याकडून काही सल्ला नाही.

म्हणून खरेदीचा क्रम असा. पहिले टायर. चार-पाच वर्षं जुने, कडक झालेले टायर असतील तर बाकी काही मागवू नका, नवे टायर घाला आणि आधी गाडी चालवून बघा. अर्ध्या लोकांचं काम तिथेच भागेल. त्यानंतर क्रेडल लॉकआउट, म्हणजे त्या चार रबरी बुशना वर-खाली आधार देऊन पाळण्याची हालचाल बंद करणारा संच. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो आणि आवाज फारसा वाढत नाही. मग डिफरेन्शियलच्या बुशमधले इन्सर्ट, म्हणजे बुशच्या पोकळीत घालायचे आधाराचे तुकडे. पूर्ण धातूचे बुश घातलेत तर गिअरची शीळ केबिनमध्ये येणार. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर मजा वाटते, घोडबंदरला गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये तासभर ऐकून बघा. पॉलियुरेथेनचे घ्या. व्हर्टिकल लिंक आणि टो लिंक, म्हणजे चाकाकडचे छोटे जोडदांडे, शेवटी. सगळं एकदम घालू नका. कशाने काय सुधारलं ते कळत नाही, आणि आवाज यायला लागला तर कुठून येतोय तेही कळत नाही.

पार्ट बाहेरून येणार. कस्टम ड्युटी धरूनच बजेट करा, केवायसीचे कागद तयार ठेवा, आणि सगळं हातात आल्याशिवाय गॅरेजची तारीख घेऊ नका. बॉक्स उघडून प्रत्येक वॉशर मोजा. संचाबरोबरचा सूचनांचा कागद उस्तादला आदल्या दिवशी द्या, बोल्ट सुटल्यावर नाही. आणि हो, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत. विमा कंपनीला लेखी विचारून घ्या. जुने पार्ट टाकू नका.

बोल्टबद्दल दोनच गोष्टी. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये जे ‘एकदाच वापरायचे’ म्हणून दिलेत ते नवे मागवून ठेवा. जुनेच पुन्हा आवळून ‘चालतं हो’ म्हणणारे भेटतील, त्यांना मान डोलावून पुढे जा. आणि आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे खालचे बोल्ट गंजलेलेच असणार. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. तुर्भे-रबाळे पट्ट्यातल्या एखाद्या हायड्रॉलिक प्रेसवाल्याशी आणि लेथवाल्याशी बोलून ठेवा, बुश अडकला तर त्यांच्याशिवाय निघत नाही. त्यांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी ते विचारा. एमआयडीसीत ती रविवारीच असते असं नाही.

जागा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. कमिटीचं सोडा, पोडियमची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उतरती केलेली असते. तिथे घेतलेलं माप खोटं आणि तिथे लावलेला जॅकही धोक्याचा. ओळखीचं गॅरेज बघा आणि एकच प्रश्न विचारा: लिफ्ट दोन खांबी की चार खांबी? त्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे, आणि इथेच ते माप येतं.

रबरी बुश कापून बघितलाय कधी? बाहेर एक लोखंडी नळी, आत एक छोटी नळी, मधलं रबर दोन्ही नळ्यांना कायमचं चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला जखडली जाते. म्हणजे आर्म वर-खाली होतो तेव्हा काहीच सरकत नाही, फक्त रबर पिळतं. आता दोन खांबी लिफ्टवर गाडी उचलली की चाकं खाली लोंबकळतात. त्या अवस्थेत तुम्ही बोल्ट पूर्ण आवळले, तर रबराच्या लेखी तीच ‘सरळ’ स्थिती झाली. गाडी खाली उतरवली, वजन आलं, आर्म वर गेले, की प्रत्येक बुश पिळलेला. उभ्या गाडीतसुद्धा पिळलेला. मग मागची बाजू थोडी उंच बसते, खड्ड्यात कुंथल्यासारखा आवाज येतो, अलाइनमेंट टिकत नाही आणि रबर लवकर फाटतं. लोक म्हणतात नवा पार्टच खराब निघाला. पार्ट चांगला असतो.

म्हणून रबरी बुश असलेला प्रत्येक आर्मचा बोल्ट लिफ्टवर फक्त हाताने बसवायचा, आणि शेवटचा टॉर्क, म्हणजे ठरलेल्या आकड्याइतकं पूर्ण आवळणं, सस्पेन्शन तुमच्या त्या लिहिलेल्या उंचीवर असताना द्यायचा. चार खांबी रॅम्प असेल तर गाडी आपल्या चाकांवरच उभी राहते, प्रश्न मिटला. दोन खांबी असेल तर खालच्या आर्मखाली उंच जॅक लावून चाकाचा मध्य आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर लिहिलेल्या मापावर येईपर्यंत हळूहळू वर घ्यायचं. ते माप नसेल तर किती वर घेणार? अंदाजाने? मागच्या खेपेला माझं अंदाजानेच झालं होतं सगळं. आणि जॅक जास्त दाबलात तर गाडी लिफ्टच्या पॅडवरून उचलली जाऊ शकते, तेव्हा एक माणूस फक्त पॅडकडे बघत उभा ठेवा. तिसरा उपाय, वखारीतून रुंद, एकसारखे चार लाकडी ठोकळे कापून आणा. चाकांखाली ठेवून त्यावर गाडी उतरवा आणि खाली सरकून आवळा. विटा नाहीत. पेव्हर ब्लॉक तर मुळीच नाहीत.

क्रेडलच्या चार बोल्टना मात्र हे लागू नाही, ते वर असतानाच घट्ट करता येतात. गोलाकार बेअरिंगवाल्या लिंकनाही नाही, त्या मोकळ्या फिरतात. उस्ताद नेमकं याच्या उलट सांगेल आणि म्हणेल, ‘साहेब, सगळं वरच टाइट करतो, खाली वाकायला नको.’ त्यांना गोड बोलून थांबवा. उंचीचं पान त्यांच्या टूल ट्रॉलीवर चिकटपट्टीने चिकटवा. मी थट्टा करत नाहीये.

सोडण्याआधी क्रेडल बॉडीला जिथे टेकतो तिथे चारही कोपऱ्यांवर नेलपेंटने बारीक रेघा मारा, अर्धी क्रेडलवर, अर्धी बॉडीवर. बसवताना रेघा जुळल्या पाहिजेत, नाहीतर मागची चाकं एका बाजूला बघत राहतील आणि स्टिअरिंग वाकडं ठेवून चालवावं लागेल. पाळणा पूर्ण उतरवायची गरज नसते. खाली जॅक ठेवून एका वेळी एक बाजू, जेमतेम हवी तेवढीच खाली घ्या आणि ब्रेकचे पाइप, एबीएसची वायर ताणत नाही ना ते बघत राहा. मागची स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली आहे, हे विसरून बाहेरचा बोल्ट काढू नका. आधी आर्मखाली जॅक, मग पाना. स्प्रिंग उडाली तर दात जातील.

हत्यारं: टॉर्क रेंच चांगला, मोठा रेंज असलेला, लांब दांडा, स्टँड. चष्मा. पॉलियुरेथेनसाठी संचातलंच ग्रीस, साधं नाही. बाकी गॅरेजमध्ये असतंच.

टॉर्कचे आकडे मॅन्युअलमधून लिहून न्या, यूट्यूबवरून नाही.

अलाइनमेंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, चारही चाकांची. तारीख आधीच घेऊन ठेवा. गाडी बुटकी आहे, रॅम्पला पुढचा बंपर घासतो, त्यामुळे दोन फळ्या बरोबर न्या. मागे किंचित टो-इन, म्हणजे चाकांची पुढची कड जराशी आत वळलेली, हवा, दोन्ही बाजूंना सारखा. मशिनचा प्रिंट मागून घ्या.

अलाइनमेंटला जाण्याआधी पुन्हा टेप काढा आणि चारही मापं जुन्या पानाशी ताडून बघा. स्प्रिंग बदलल्या नसतील तर आकडे जवळपास तेच यायला हवेत. मागचा आकडा वाढला असेल तर कोणीतरी लोंबकळत असतानाच आवळलंय. बोल्ट सैल करा, गाडी थोडी पुढेमागे ढकलून बसू द्या, चाकांवर उभी असतानाच पुन्हा आवळा. तसंच पुढे गेलात तर अलाइनमेंटचे पैसेही वाया.

चाचणी पाम बीचवर नाही. कॅमेरे आहेत, आणि सकाळी सकाळी चालायला आलेली माणसंही आहेत. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्यात, तसं काही असेल तिथे जा. पहिल्यांदा हळू, टायर गरम करून, ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवून.

काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर फिरवून डब्यात ठेवा. जुने बुश माळ्यावर, खोक्यावर नाव टाकून.