स्विच बंद असला तरी प्रोपेलर जिवंतच समजा

पावसाळ्यात जुहूच्या विमानतळावर एखादं छोटं विमान आठ-दहा दिवस उभं राहिलं की कोणीतरी सुचवतंच, ‘पातं दोन-चार वेळा फिरवून ठेव, इंजिन जाम होणार नाही.’ हे करू नका. विमानांची इंजिनं बनवणारी लायकमिंग कंपनी स्वतःच सांगते की, उभं इंजिन हाताने फिरवण्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल पुसून काढतात, नवं तेल तिथे पोचत नाही, आणि खाऱ्या, दमट हवेत उघड्या पोलादाला गंज धरायला वेळ लागत नाही. कॉम्प्रेशन तपासायचं असेल किंवा पातं टो-बारच्या (विमान ओढायच्या दांड्याच्या) आड येत असेल, तरच हात लावा.

मॅग्नेटोला, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राला, बॅटरी लागत नाही. स्विच ‘ऑफ’ केल्यावर पी-लीड नावाची तार त्याचं अर्थिंग करून ठिणगी थांबवते, एवढंच. तार तुटली किंवा टर्मिनल सैल झालं की किल्ली खिशात असूनही मॅग्नेटो चालूच. पातं सावकाश फिरवताना ‘टक्’ असा आवाज येतो, तो मॅग्नेटोवरच्या इम्पल्स कपलिंग या स्प्रिंगच्या जोडणीचा. स्प्रिंग सुटते, मॅग्नेटोला झटका बसतो आणि जोरदार ठिणगी पडते. सिलिंडरमध्ये पेट्रोलची थोडी वाफ उरलेली असली तरी पातं जोरात फिरायला एक स्फोट पुरतो. इंजिन गरम असेल तर तापलेला कार्बनही तेच काम करतो, म्हणून ते निवेपर्यंत थांबा.

तयारी आधल्या उड्डाणापासूनच सुरू होते. इंजिन बंद करण्यापूर्वी, आयडलवर (सर्वांत मंद गतीवर) असताना, स्विच क्षणभर ‘ऑफ’ करून लगेच परत ‘बोथ’वर (दोन्ही मॅग्नेटो चालू) आणा. त्या क्षणात इंजिन मरायला लागलं पाहिजे. ते चालतच राहिलं तर पी-लीड गेली आहे. प्रोपेलरवर पाटी लावा आणि दुरुस्ती होईपर्यंत कोणालाही जवळ येऊ देऊ नका.

फिरवण्यापूर्वी चाकांना चोक (अडकण) लावा, शेपूट बांधा, मिक्श्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) कट-ऑफ, थ्रॉटल बंद, इंधनाचा व्हॉल्व्ह बंद, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, किल्ली बाहेर. कॉकपिटमध्ये ब्रेक धरायला माहितगार माणूस हवा. ‘स्विच ऑफ?’ असं मोठ्याने विचारा आणि त्याने पाहून उत्तर दिल्यावरच पुढे व्हा. गळ्यातली ओळखपत्राची दोरी, ओढणी, अंगठी काढून ठेवा. एप्रन (विमानं उभी करायची फरशी) ओला किंवा तेलकट असेल तर आधी विमान कोरड्या जागी ढकला. पाय घसरला की माणूस पात्याच्याच दिशेने पडतो.

सेसना १७२ समोरून पाहिलं तर तुमच्या डाव्या हाताकडचं पातं खाली येतं. टायगर मॉथ या जुन्या विमानाचं जिप्सी मेजर इंजिन उलट फिरतं, तेव्हा दिशा आधी खात्रीने ठरवा. तळवा पात्यावर सपाट ठेवा, बोटं कडेभोवती वळवू नका. वजन मागच्या पायावर, पात्याकडे वाकायचं नाही. खाली ओढता ओढताच मागे सरका. दिशा चुकून उलटं फिरवलं तर ड्राय व्हॅक्यूम पंपाची (काही उपकरणं चालवणाऱ्या हवेच्या पंपाची) आतली कार्बनची पाती तुटू शकतात.

रेडियल इंजिनात (सिलिंडर गोलाकार मांडलेल्या) पातं मध्येच अडलं तर खालच्या सिलिंडरमध्ये तेल साचलेलं असतं. जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. उलट फिरवलंत तर तेल इनटेक पाइपात जाईल आणि इंजिन सुरू होताच परत सिलिंडरमध्ये येईल. खालचे स्पार्क प्लग काढा आणि तेल पूर्ण निथळू द्या.