नदालचं गटिंग तुमच्या पोराला नको

पुण्यात डेक्कनला माझं गटिंगचं, म्हणजे टेनिस रॅकेटला तारा बसवून द्यायचं दुकान आहे. टीव्हीवर ग्रँड स्लॅम सुरू झालं की आईबाप पोराची रॅकेट काउंटरवर ठेवून म्हणतात, "काका, नदालसारखं करून द्या." म्हणजे पॉलिएस्टरची तार, ५५ पाउंडांच्या ताणानं ओढलेली. आणि पोरगं पाचवीत!

पॉलिएस्टरचं वेड वाढवलं ब्राझीलच्या कुर्तेननं. १९९७ची फ्रेंच ओपन तो लक्झिलॉन कंपनीची पॉलिएस्टर तार लावून जिंकला, तेव्हा रँकिंग होतं ६६. या तारेनं टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेची फिरकी, झकास मिळतो, पण ती कडक. जोर सगळा तुमच्या हातानं लावायचा. नदालचा दंड तेवढा होता. शिवाय व्यावसायिक मंडळी मॅचला ताजं गटिंग घेऊन उतरतात. फेडरर तर उभ्या तारा नॅचरल गटच्या, म्हणजे गाईच्या आतड्याच्या लावायचा, आडव्या पॉलिएस्टरच्या. ९० चौरस इंची डोक्याच्या रॅकेटवर विम्बल्डनं मारलेला हा माणूस २०१४ मध्ये, बत्तिशीत, ९७ इंचीवर आला. अंगाला झेपेल तशी रॅकेट बदलली. नक्कल करायचीच तर त्याची करा.

लहान पोराला सिंथेटिक गट, म्हणजे साधी नायलॉनची तार लावा. कोपर कुरकुरत असेल तर मल्टिफिलामेंट, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची मऊ तार, थोडं महाग पडेल. नॅचरल गटच्या फंदात पडू नका, आपल्या पावसाळ्यात ओल लागली की संपलं. टेन्शन, म्हणजे तारेचा ताण किती पाउंड, ते फ्रेमवरच छापलेलं असतं. ५० ते ६० लिहिलं असेल तर ५२ ने सुरुवात करा. चेंडू सारखा बेसलाइनबाहेर जात असेल तर पुढच्या वेळी दोन पाउंड चढवा. आणि आधी कोचला विचारा, बऱ्याचदा दोष पायांचा असतो.

पॉलिएस्टर आधीच लावून बसला असाल तर मधली उभी तार बोटानं बाजूला सरकवून सोडा. टुणकन जागेवर आली तर ठीक. तिथंच रेंगाळली तर गटिंग मेलं, तुटलं नसलं तरी. "अजून तुटलं कुठंय?" हा प्रश्न मला विचारू नये. आठवड्यात जितके दिवस खेळता, वर्षातून निदान तितक्यांदा गटिंग, असा साधा हिशोब.

एक तार तुटली की उरलेल्या लगेच कापा, मधून सुरू करून कडेकडे, एक उभी एक आडवी. नाहीतर एका बाजूचा ताण फ्रेमवर येतो. आणि एप्रिलात बॅग गाडीच्या डिकीत ठेवून बालेवाडीच्या क्रीडासंकुलात दिवसभर उन्हात गाडी लावू नका. टेन्शन उतरतं, आणि मग भांडायला माझ्याकडे येता.